श्वापदाचा आकडा आणि मुलाचं आधार कार्ड

नगर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे, वहीची सात पानं. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देते. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. ताई शाळेत शिकवतात, मुलगा नऊ वर्षांचा. यजमान वर्षभरापासून रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर एका प्रचारकाचे व्हिडिओ बघतात. बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण. त्याच्या तेराव्या अध्यायात एक श्वापद येतं. त्याची खूण हातावर किंवा कपाळावर असल्याशिवाय कुणाला काही विकत घेता येत नाही, विकता येत नाही, आणि त्याचा आकडा 666. ते श्वापद आता आलंच आहे, आधार आणि क्यूआर कोड ही त्याचीच खूण आहे, असं यजमानांच्या मनाने घेतलं आहे. फोनवरून पैसे देणं त्यांनी बंद केलं. मुलाच्या आधारसाठी राहिलेले बोटांचे ठसे द्यायला ते तयार नाहीत. आता बँकेतली मुदत ठेव मोडून रोकड घरात ठेवायची म्हणतात. मुलगा रात्री दचकून उठतो आणि दिवसा बिस्किटाच्या पुड्यावरच्या काळ्या रेघांत तीन सहा शोधत बसतो. ताईंनी पाळकसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, शंका काढू नका, प्रार्थना करा. ताई विचारतात : "श्वापद म्हणजे नक्की कोण, हे एकदा खात्रीने सांगा, म्हणजे मला यांना समजावता येईल. की माझाच विश्वास कमी पडतोय?"

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची सहा पानं त्याच्याच ओझ्याखाली लिहिल्यासारखी वाटली. शंका विचारणं म्हणजे अविश्वास, हे पाळकसाहेब कुठून म्हणाले मला कळत नाही. बायबलच्या जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, दानीएल चार श्वापदं बघतो, घाबरतो आणि जवळ उभ्या असलेल्याला सरळ विचारतो, याचा अर्थ काय? त्याला उत्तर मिळतं, कुणी रागावत नाही. आणि ज्या वचनाने तुमच्या घराची झोप उडवली आहे, प्रकटीकरण 13:18, त्यातच लिहिलंय की ज्याला बुद्धी आहे त्याने हिशेब करावा. तुम्ही बुद्धी वापरताय, म्हणजे वचन पाळताय.

आता मुख्य प्रश्न. "श्वापद कोण ते सांगा." ताई, तुमचं आणि यजमानांचं उत्तरावरून भांडण आहे, पण प्रश्न दोघांचा एकच आहे. तेही विचारतात, आज श्वापद कोण? तुम्हीही तेच विचारता, फक्त उत्तरात आधार कार्ड नको आहे. मी तुम्हाला दुसरं एखादं नाव दिलं तर ते उद्या तिसरं आणतील, आणि या खेळाला अंत नाही.

माझ्या आजोबांचं बायबल माझ्याकडे आहे. जुन्या छपाईचं, कडा उंदराने कुरतडलेल्या. तेराव्या अध्यायाच्या समासात पेन्सिलीने लिहिलंय "मुसोलिनी". त्यावर काट. खाली "हिटलर", त्यावरही काट. त्याखाली आणखी एक नाव आहे, ते इतकं खोडलंय की वाचता येत नाही. आजोबा भोळे नव्हते, हिशेबाला पक्के होते. तरी तीनदा चुकले. त्यांच्या आधीच्यांची यादी तर फारच मोठी. मार्टिन ल्यूथरने पोपकडे बोट दाखवलं, तर पोपच्या बाजूच्या पंडितांनी ल्यूथरच्या नावाचीच बेरीज 666 करून दाखवली. नेपोलियनची पाळी येऊन गेली. अमेरिकेतल्या विल्यम मिलरच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या परत येण्यासाठी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली होती, ती उजाडली आणि मावळली. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड विल्सन रेगन यांच्या नावातल्या तिन्ही शब्दांत इंग्रजीत सहा-सहा अक्षरं आहेत म्हणून काही लोक हवालदिल झाले होते. निवृत्तीनंतरच्या त्यांच्या घराचा नंबर 666 होता, तो बदलून 668 करून घेतला गेला.

मग हे पुस्तक वाचायचं कसं? आपल्याच मातीतलं एक उदाहरण देते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 सालचं. रंगमंचावर महाभारत चालायचं, विराटाचा दरबार, सैरंध्री, कीचक. पण प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे कुणी सांगावं लागत नव्हतं. सरकारलाही ते कळलं, म्हणून 1910 साली नाटकावर बंदी आली. आज कुणी ते नाटक वाचून "यातला कीचक म्हणजे आपल्या तालुक्याचा अमका साहेब" असा शोध लावला तर आपण हसू. कीचकाचा पत्ता ठरलेला होता. पण म्हणून नाटक कर्झनबरोबर मेलं का? सत्तेच्या मस्तीत दुसऱ्याच्या पदराला हात घालणारा जो कुणी असेल, त्याला कीचक म्हणायला मराठी माणूस आजही कचरत नाही.

प्रकटीकरण असंच वाचावं असं माझं मत आहे. आधी त्याचा मूळ पत्ता बघायचा.

पत्ता पहिल्याच अध्यायात आहे. योहान नावाचा माणूस पात्म बेटावर आहे आणि सात मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समाजांना, लिहितोय : इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. ही सगळी आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातली खरीखुरी गावं. काळ बहुतेक अभ्यासक इसवी सन 95 च्या आसपासचा, डोमिशियन बादशहाच्या अखेरच्या वर्षांतला मानतात. काही जण त्याच्या पंचवीस-तीस वर्षं मागे जातात. कुठलाही धरला तरी डोक्यावर रोम आहे. पर्गमात ऑगस्टस बादशहाचं देऊळ होतं, इफिसात डोमिशियनच्या घराण्याचं उभं राहिलं. देव म्हणून बादशहापुढे धूप जाळायचा, ही त्या शहरांतली रोजची नागरिकनिष्ठा.

आता श्वापद बघा. अंग चित्त्याचं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, सात डोकी, दहा शिंगं. हे योहानाने हवेतून काढलेलं नाही. दानीएलाच्या सातव्या अध्यायात सिंह, अस्वल, चित्ता आणि दहा शिंगांचं एक भयंकर जनावर अशी चार श्वापदं आहेत आणि ती चार राजे आहेत असं तिथेच सांगितलंय. त्यातल्या चित्त्याला चार डोकी आहेत. बाकी तिघांचं एकेक धरलं तर बेरीज सात! योहानाने चारही साम्राज्यं एका कातड्यात शिवली. वाचणाऱ्या मंडळीला ते लगेच कळलं असणार, जसं आपल्याला दहा तोंडं म्हटली की रावण कळतो. पुढे 17:9 मध्ये तो स्वतःच सांगतो की सात डोकी म्हणजे सात डोंगर. सात टेकड्यांचं शहर कोणतं हे तेव्हा पोरांनाही ठाऊक होतं. वेस्पेशियन बादशहाच्या 71 सालच्या एका नाण्यावर रोमा देवी सात टेकड्यांवर बसलेली आहे.

आणि आकडा. त्या काळी हिब्रू आणि ग्रीक दोन्हींत अक्षरंच अंक म्हणून वापरली जात, त्यामुळे कुठल्याही नावाची बेरीज होई. आपल्याकडे शिलालेखांत चंद्र म्हणजे एक, वेद म्हणजे चार असं शब्दांनी साल लिहीत, त्याचीच ही चुलत बहीण म्हणा. इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईच्या एका भिंतीवर कुणा मजनूने खरडलंय की मी जिच्यावर प्रेम करतो तिचा आकडा 545. नाव नाही! ओळखणारीने ओळखलं असेल. नीरो बादशहाच्या नावाची ग्रीक बेरीज आणि "स्वतःच्या आईला मारलं" या शब्दांची बेरीज सारखीच येते, असा टोमणाही रोममध्ये फिरत होता. "नेरोन कैसर" हे हिब्रू अक्षरांत लिहा : 50, 200, 6, 50 आणि 100, 60, 200. बेरीज करा. यजमानांसमोर बसूनच करा.

खरं गंमतीचं पुढे आहे. प्रकटीकरणाच्या काही जुन्या हस्तलिखितांत आकडा 666 नसून 616 आहे. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंखसला सापडलेल्या एका पपायरसच्या तुकड्यावरही तोच आहे. नेरोनऐवजी लॅटिन वळणाने नेरो लिहिलं की शेवटचा न, म्हणजे 50, गळतो आणि 616 उरतात. दोन्ही आकडे एकाच नावाकडे बोट दाखवतात.

यावर आक्षेप आहेत, तेही सांगायला हवेत, नाहीतर मीही त्या प्रचारकासारखीच होईन. ग्रीक वाचणाऱ्या मंडळ्यांसाठी हिब्रू हिशेब कशाला? आणि साधारण 180 साली लिहिणाऱ्या इरेनियस या बिशपने 616 हा पाठ चुकीचा ठरवला, 666 साठी दोन-तीन नावंही सुचवली, पण त्यांत नीरो नाही. त्याने एक बजावलं आहे ते मला फार आवडतं : नाव जाहीर करण्याची घाई करू नका, देवाला ते आत्ता उघड सांगायचं असतं तर ज्याने दर्शन पाहिलं त्यानेच सांगितलं असतं. मला स्वतःला नीरोचा हिशेब पटतो. 64 साली रोमला आग लागल्यावर त्याने ख्रिस्ती लोकांचे हाल केले, 68 मध्ये तो मेला आणि तरी तो परत येणार अशा वावड्या उठत राहिल्या. तेराव्या अध्यायात श्वापदाचं एक डोकं प्राणघातक घाव लागून बरं होतं, ते यात नीट बसतं. पण यावर मी माझ्या मुलाची शाळा पणाला लावणार नाही. तुम्हीही लावू नका.

ताई, आता बायबल उघडून 13:18 काढा आणि तिथे थांबू नका. अध्यायांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते, ते मध्ययुगात पडले. श्वापदाचा आकडा सांगून झाला की पुढचंच वाक्य, आपल्याकडे जे 14:1 म्हणून छापतात, ते असं की सियोन डोंगरावर कोकरा, म्हणजे ख्रिस्त, उभा आहे आणि त्याच्याबरोबरच्या 1,44,000 जणांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव लिहिलेलं आहे. म्हणजे खुणा दोन आहेत. सातव्या अध्यायातही देवाच्या दासांच्या कपाळावर शिक्का मारला जातो. मग यजमानांना शांतपणे विचारायचं : कोकऱ्याचं नाव तुमच्या कपाळावर आहे ना? ते कुठल्या मशीनने वाचता येतं? ते जर ठशाने, शाईने, चिपने लिहिलेलं नसेल, तर शेजारच्याच वाक्यातली दुसरी खूण तेवढी मशीनची कशी? हात आणि कपाळ हे जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून आलंय, जिथे देवाच्या आज्ञा हातावर बांध आणि डोळ्यांच्या मधोमध लाव असं सांगितलंय. तुमचे हात कुणाच्या कामाला लागलेत आणि डोक्यात कोण बसलाय, असा तो सवाल आहे. श्वापद नमन मागतं. आधार केंद्रावर रांगेत तासभर उभं करतात, नमन कुणी मागत नाही.

"विकत घेता येईना, विकता येईना" हे ऐकून व्हिडिओवाल्यांना क्यूआर कोड आठवतो. मला वाळीत टाकणं आठवतं. नवख्रिस्ती घराला दुकानदार मीठ देत नाही, विहिरीवर घागर भरू देत नाहीत, हे मी आजीकडून ऐकलेलं आहे, तुमच्याही घरात कुणी सांगितलं असेल. सात मंडळ्यांचं दुखणं याच जातीचं होतं. धंद्याच्या संघात राहायचं तर संघाच्या देवापुढच्या जेवणाला बसायचं, नाहीतर धंदा बसतो. हे समजायला भविष्यात जावं लागत नाही.

बिस्किटाच्या पुड्याचंही सांगून टाकते. बारकोडमधल्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या लांब रेघांच्या जोड्या मशीनला कोड कुठे सुरू होतो, अर्धा कुठे होतो आणि कुठे संपतो ते सांगतात. सहा या अंकाच्या रेघांचा एक भाग त्यांच्यासारखा दिसतो, एवढंच. त्या अंक नाहीत. आणि आधारचे आकडे तर बारा. प्रकटीकरणात बारा हा स्वर्गीय नगराच्या वेशींचा आकडा आहे. आकड्यांचाच खेळ करायचा तर तो असाही होतो.

एक शब्दाची गंमत. "ख्रिस्तविरोधक" हा शब्द प्रकटीकरणात एकदाही येत नाही, शोधून बघा. तो योहानाच्या पत्रांत आहे, आणि तिथे लिहिलंय की पुष्कळ ख्रिस्तविरोधक आताच उठले आहेत. अनेकवचन, आणि तेव्हाच.

पत्राच्या पाचव्या पानावर, आजारी सासूबाईंच्या औषधांच्या मजकुरात, एक अर्धं वाक्य आहे : "यांची कंपनी बंद पडल्यापासून घरीच असतात." तुम्ही ते ओलांडून पुढे गेलात, मी तिथेच अडकले. दीड वर्षापूर्वी नोकरी गेली आणि वर्षभरापूर्वी व्हिडिओ सुरू झाले. ज्या माणसाला बाजारात जाताना खिशाचा विचार करावा लागतो, त्याला "विकत घेता येणार नाही" हे वचन रात्री दोन वाजता कसं ऐकू येत असेल? भविष्य कळणारा माणूस हा घरी बसलेल्या माणसापेक्षा मोठा असतो. त्या व्हिडिओंनी त्यांना तेवढी उंची दिली आहे. हिब्रू बेरजा दाखवून ती तुम्ही काढून घेतलीत तर ते तुम्हाला माफ करणार नाहीत. तेव्हा बेरीज जिंकण्यासाठी करू नका, त्यांनाच करू द्या. व्हिडिओच्या शेवटी देणगीसाठी क्यूआर कोड येतो असं तुम्ही लिहिलंय. मला हसू आलं, माफ करा. पण हे भांडणात तोंडावर फेकू नका, कधीतरी ते स्वतःच बघतील.

व्यवहाराचं बोलू. मुदत ठेव मोडण्यासारखा, मुलाच्या शाळेसारखा, परत फिरवता न येणारा कुठलाही निर्णय सहा महिने घ्यायचा नाही, एवढा एकच शब्द त्यांच्याकडून घ्या. श्वापदाबद्दल मत बदला असं म्हणूच नका. तुमचा पगार तुमच्या एकटीच्या नावच्या खात्यात राहू द्या आणि हे त्यांना सांगून करा. आपली माहिती सरकारकडे, कंपन्यांकडे किती जाते ही काळजी त्यांना असेल तर ती रास्त आहे. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच 2018 मध्ये म्हटलं आहे. त्यावर नागरिक म्हणून जरूर बोला. फक्त ती चिंता आणि नरकाची भीती एका पिशवीत भरू नका.

दुसऱ्या पाळकांना भेटा. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, कॅथलिकांचं ज्ञानदीप आहे. तिथे शिकून आलेले लोक आपल्या भागातल्या मंडळ्यांत काम करतात आणि असे प्रश्न त्यांना नवे नसतात. यजमानांना चूक ठरवून घेण्यासाठी जाऊ नका, दोघं मिळून जा. आणि त्यांची झोप पूर्ण उडाली, ते दिवसच्या दिवस जेवेनासे झाले, प्रत्येक गाडीच्या नंबरात इशारा दिसू लागला, तर तो विषय पाळकांचा राहत नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

घरात एक गोष्ट करून बघा. पहिल्या अध्यायात मोठ्याने वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हटलंय, कारण ते पुस्तक मंडळीत एका बैठकीत ऐकण्यासाठी होतं. तास-दीड तास लागतो. एका रविवारी दुपारी यजमानांना वाचायला सांगा, त्यांचा आवाज चांगला आहे असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही पेन्सिल घेऊन बसा आणि पुस्तक जिथे स्वतःच अर्थ सांगतं तिथे खूण करा : सात समया म्हणजे सात मंडळ्या, अजगर म्हणजे जुना सर्प, धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना, बाई म्हणजे मोठं नगर. जिथे ते काही बोलत नाही, तिथे समास कोरा ठेवा. आजोबांच्या समासापेक्षा तो बरा दिसेल.

मुलाचा मात्र वेगळा विचार करा. ते व्हिडिओ त्याच्या कानावर पडता कामा नयेत, हेडफोन लावा म्हणून यजमानांना सांगा, या बाबतीत भीड नको. आणि श्वापदं त्याला आता माहीत झालीच आहेत, तेव्हा "काही नसतं रे" म्हणून ती जाणार नाहीत. त्याला पाचवा अध्याय वाचून दाखवा. योहानाला सांगतात, रडू नको, यहूदाचा सिंह जिंकला आहे. तो सिंह बघायला वळतो आणि त्याला दिसतं वध झाल्यासारखं उभं असलेलं एक कोकरू. या पुस्तकातली चित्रं कशी चालतात ते इथे एका वाक्यात आहे : ऐकू सिंह येतो, दिसतं कोकरू. त्याला सात शिंगं आणि सात डोळे आहेत. वही आणि रंगखडू द्या आणि म्हणा, हे काढून दाखव बरं. तिसऱ्या-चौथ्या शिंगानंतर डोक्यावर जागा उरत नाही. पुढची कुठे बसवायची, ते बाबांना विचारून ये म्हणावं.